कडेची मोहरी

"...मग अळी बरोबर माझाच वाफा कसा शोधून काढते, बुवा? तुळाजीचा कोबी काय तिला कडू लागतो?"

रंगनाथने हातातला कोबीचा गड्डा बुवांपुढे ठेवला. गड्डा कसला, नुसती चाळण.

बुवा पावटे सोलत बसले होते. त्यांनी गड्ड्यावरची एक हिरवी अळी बोटावर घेतली, निरखली आणि परत पानावर सोडली.

"अंगानं चांगली भरली आहे," ते म्हणाले.

रंगनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टेकडीवरच्या त्या मठात प्रत्येक शिष्याला परसात एकेक वाफा दिलेला होता. एकादशीचा उपास बुवा बारशीला सोडत, आणि ज्याच्या वाफ्यातली भाजी सरस, त्याच्याच हातून ताटात वाढून घेत. गेल्या तिन्ही बारशींना तो मान तुळाजीला मिळाला होता.

तुळाजीला! कालपरवापर्यंत मेंढ्या वळणाऱ्या, आरतीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत म्हणणाऱ्या माणसाला! आणि रंगनाथला मठात सात वर्षं झालेली, सगळी पोथी मुखोद्गत. पंक्तीच्या टोकाला बसून तो तुळाजीचं वाढणं बघे आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"उद्या बारस," रंगनाथ म्हणाला. "म्हणजे उद्याही तोच वाढणार."

"त्याचा कोबी चांगला आहे."

"आणि माझा का नाही? मी राख टाकली. निंबोळीचं पाणी मारलं. एकेक पान उलटून अळ्या वेचल्या."

"वेचलेल्या अळ्यांचं काय केलंस?"

...

रंगनाथने पावट्याचं एक साल उचलून बोटांत चुरगळलं.

"माझ्या पोटात दुखतं, बुवा," तो एकदम म्हणाला. "त्याचा गड्डा दिसला की दुखतं. करवंटीत भरून मी त्या... त्याच्या वाफ्यात नेऊन सोडल्या. रोज, दुपारी सगळे आडवे झाले की. तरी त्याच्या कोबीच्या एका पानाला भोक नाही! माझ्या अळ्यासुद्धा त्यालाच सामील."

बुवा हसले नाहीत. त्यांनी हाक मारली, "तुळाजी..."

तुळाजी मातीचे हात तसेच घेऊन आला.

"काय चाललंय परसात?"

"मोहरी पेरतोय, बुवा. वाफ्याच्या कडंची बरीच फस्त झाली. कोबीपरीस मोहरी गोड लागती अळ्यांस्नी. ती हाय तवर आत शिरत न्हाईत. माझ्या एकट्याच्या अळ्यांना एक ओळ पुरत हुती. पर रंगनाथदादांकडनं बी रोज पाव्हणे येत्यात, म्हणून दुसरी केली. आता तिसरी धरलीय."

रंगनाथची कानशिलं तापली.

"तुला... ठाऊक होतं?"

"करवंटी कुंपणापाशीच पडल्याली असती की, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? मला वाटलं, तुमास्नी मारवत न्हाईत, म्हणून आणून सोडता. साधू मानूस तुमी..."

तो हे कुजकटपणे म्हणाला असता तर फार बरं झालं असतं. रंगनाथने त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा शोधली. सापडली नाही. त्याला शरम वाटली, आणि त्या शरमेतही आत कुठेतरी पुन्हा दुखलं. असं निर्मळ मनसुद्धा ह्याच्याचकडे असावं!

...

"कोबी काढून आणू का, बुवा?" तुळाजीने विचारलं. "उद्याच्याला?"

बुवांनी सोललेल्या पावट्यांची परात रंगनाथपुढे सरकवली.

"कोबी राहू दे. रंगनाथ, तू कडेची मोहरी खुडून आण. भोकं पडलेलीच बघून घे. तीच ह्यात घालून शिजव. उद्या तू वाढ."

तीन बारशींपासून ज्यासाठी जीव जळत होता, ते असं हातात आलं, आणि रंगनाथला परात उचलवेना.

"पण बुवा, ती तर... अळ्यांनी खाल्लेली..."

बुवांनी पुढची शेंग हातात घेतली.

"तुझ्या अळ्यांचं उष्टं मला चालतं."