करकोच्याचं बोलणं

फार पूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हा, कावळा, कासव आणि दूरदेशीच्या करकोच्याने मिळून नाव चालवायचं ठरवलं. घाट हत्तीचा. आराखडा पटला तरच तो घाट देणार होता.

कावळ्याने हत्तीसमोर वाळूवर रेघ ओढली. "नाव इथून सुटेल!"

करकोचा चोच कटकट वाजवू लागला.

"बघा, टाळ्या!" कावळ्याने झुकून नमस्कार केला. कटकट आणखी वाढली.

"अरे शहाण्या," कासव म्हणालं, "त्याला गळ्यातून आवाज निघत नाही. तो असाच बोलतो. काय चुकलं ते विचार की!"

करकोचा तिथेच पाण्यात उतरला. पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. नाव रुतलीच असती. वळणापाशी मात्र त्याचे पाय पुरते बुडाले. कावळ्याने रेघ पुसून तिकडे ओढली.

"घाट दिला!" हत्ती म्हणाला. "ही जागा शोधली कुणी?"

"या करकोचेदादांनी," कावळा म्हणाला. "थांबा, ते काहीतरी बोलतायत."