वादळदेवाचे दोन बैल

फार जुनी गोष्ट आहे. आजच्या तुर्कस्तानात राहणाऱ्या हित्ती लोकांच्या राजधानीत, वादळदेवाच्या देवळात, मातीचे दोन पोकळ तांबडे बैल अंगाला अंग लावून उभे असत. दोघं एकाच भट्टीत भाजलेले. सणाला त्यांच्या पाठीवरच्या भोकातून द्राक्षांचं मद्य ओतलं की ते नाकपुड्यांतून देवापुढे पडे. मग देव पाऊस पाडतो, अशी लोकांची श्रद्धा होती.

थोरल्याचा धाकट्यावर फार जीव. तरी कुरकुर चालायचीच. "किती रे रेलतोस माझ्यावर! जरा स्वतःच्या पायांवर उभा राहा की." धाकटा नुसता हसायचा.

एका सणाच्या सकाळी झाडलोट करताना धाकट्याच्या खुराचा टवका उडाला. "खंडित भांडं देवाला चालत नाही," असं म्हणत पुजारीण कुवातल्लाने त्याला बाहेर ओसरीवर नेऊन ठेवलं. मग तिने थोरल्याच्या पाठीत मद्य ओतायला घेतलं, तोच तो कलंडला. तिने त्याला कसंबसं सावरलं. बघते तर काय, त्याचा मागचा पाय मुळातच आखूड!

"देवा, ही जोडी आहे तशीच गोड मानून घे," असं पुटपुटत तिने धाकट्याला परत आणून शेजारी ठेवलं. थोरला पुन्हा ताठ उभा राहिला.

"म्हणजे इतकी वर्षं तूच मला धरून होतास? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू माझ्यावर रेलायला लाजला असतास, दादा."