उत्पलेचे विरजण

विषय : भिक्षू पूर्णक यांस आपले पूर्वाश्रमीचे दह्याचे दुकान एकवार पाहून येण्याची अनुमती मिळण्याबाबत.

संदर्भ : त्यांनी वर्षावासाच्या आरंभी केलेली तोंडी विनंती व त्यानंतर वेळोवेळी दिलेली स्मरणे.

वरील विषयासंबंधी निवेदन असे, की शास्ते आम्रवनातील विहारात राहत असताना पूर्णक नावाचा एक भिक्षू तेथे होता. प्रव्रज्या घेण्यापूर्वी तो जवळच्या गावात दही विकत असे. एका गाडग्यापासून वाढवलेले ते दुकान त्याने निघताना पुतण्याच्या हवाली केले होते. घर, शेत आणि गाई यांचा त्याग त्याला सहज जमला. विरजणाचा मात्र जमेना. भिक्षापात्रात दही पडले, की तो पहिला घास तोंडात धरून डोळे मिटी. इतर भिक्षूंना वाटे, याची ध्यानात चांगली प्रगती आहे. मग तो हळूच म्हणे, "दूध गरम असतानाच विरजलंय." एवढ्याने त्यांचा गैरसमज दूर होई.

शास्त्यांनी त्याला बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "भन्ते, पुतण्या विसराळू आहे. एखाद्या दिवशी सगळं विकून बसेल आणि विरजणाला काही ठेवायचाच नाही. मी फक्त विरजणाच्या कोनाड्यात हात घालून बघून येतो."

"पूर्णका," शास्ते म्हणाले, "अशा एका कोनाड्यापाशी तू पूर्वीही उभा होतास." आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली.

फार पूर्वी शालवती नगरीत भद्रसेन राजाचे राज्य चालू असताना, म्हणजे त्याचे अमात्य ते चालवीत असताना, बोधिसत्त्व एका गवळ्याच्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव गोमित्र. वयात आल्यावर त्यांचा विवाह दूरच्या एका खेड्यातील उत्पला नावाच्या मुलीशी झाला. सासरी येताना तिने दागिने फारसे आणले नाहीत. बैलगाडीत मांडीवर ओल्या फडक्याने झाकलेले एक लहान गाडगे मात्र तिने सारी वाट सांभाळून आणले. त्यात आईकडचे विरजण होते. त्या विरजणाचे दही असे घट्ट लागे, की गाडगे आडवे केले तरी दही आपली जागा सोडीत नसे.

उत्पलेने ओसरीवर एक गाडगे मांडून विक्री सुरू केली. पहिल्या दिवशी शेजारणी चव घ्यायला आल्या, आणि चव घेऊनच गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या भांडी घेऊन आल्या. पुढे ओसरी अपुरी पडली आणि पूर्वेच्या वेशीपाशी दुकान झाले. दुकान नीट लागते न लागते तोच उत्पला तापाने गेली.

बोधिसत्त्वांनी दुकान बंद केले नाही. रोज संध्याकाळी दूध कोमट झाले, की ते कोनाड्यातल्या लहान गाडग्यातून चमचाभर दही घेऊन त्यात सोडीत. आजचे दही कालच्यातून आणि कालचे परवाच्यातून आलेले असते. असे मागे मागे गेले, की कुठेतरी उत्पलेचा हात लागे. म्हणून चमचा सोडल्यावरही त्यांचा हात जरा वेळ दुधावर थांबे. गिऱ्हाइके समजत, हा गवळी फार काळजीने विरजतो.

पुढे उत्पलेचा धाकटा भाऊ सोमदत्त दुकानात भागीदार म्हणून आला. धंदा वाढवण्याच्या कल्पना त्याच्यापाशी पुष्कळ होत्या. त्याने दुकानाला रंग दिला, दवंडी पिटवली आणि पश्चिमेच्या वेशीपाशी दुसऱ्या दुकानाला जागा मिळावी म्हणून अमात्यांकडे अर्ज केला. प्रकरण विचाराधीन असल्याचे कळवण्यात आले. विचार चालू असतानाच ते अमात्य निवृत्त झाले.

एके दिवशी रेवा नावाची एक बाई दुकानात आली. तिचा नवरा व्यापारी तांड्याबरोबर गेला तो परतला नव्हता. तिच्यापाशी एक म्हैस होती आणि रस्त्यापलीकडची एक रिकामी टपरी तिने घेतली होती. तिने संकोचाने वाटी पुढे केली आणि विरजण मागितले.

आता शालवतीत घरच्या विरजणाला कोणी कोणाला नाही म्हणत नसे. परंतु दही विकणाऱ्यांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या संघात, एका दुकानाने दुसऱ्याला विरजण द्यायचे नाही, असा रिवाज होता. सोमदत्त रेवेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "भावोजी, घरात लावायला मागणारी वेगळी आणि समोर दुकान लावणारी वेगळी. आपल्याच विरजणाने ही आपली गिऱ्हाइकं नेईल."

"नेईल खरी," बोधिसत्त्व म्हणाले. "पण तुझ्या आईने उत्पलेला दिलं, तेव्हा तू कुठे लावणार आहेस, असं विचारलं नव्हतं."

त्यांनी वाटी काठोकाठ भरून दिली. सोमदत्ताचे भाकीत खरे ठरले. रेवेने दुकानाची बरीच गिऱ्हाइके नेली, आणि त्यांत सोमदत्ताने दवंडी पिटवून आणलेली बहुतेक सगळी होती. श्रेणीने बोधिसत्त्वांना सभेला बोलावणे सोडले. सभांचे स्वरूप पाहता ही शिक्षा त्यांना जड गेली नाही. सोमदत्त मात्र रेवेची टपरी दिसू नये म्हणून दुकानात तोंड फिरवून बसू लागला, आणि मग तो गिऱ्हाइकांनाही पाठमोरा दिसू लागला.

असे चालले असताना राजपुत्राचा विवाह ठरला. बोधिसत्त्व म्हशी पाहायला परगावी गेले होते, त्या दिवशी राजवाड्याचे सेवक गाड्या घेऊन दुकानापुढे उभे राहिले. असेल तेवढे दही त्यांना हवे होते. सोमदत्ताला आपण जन्माला आल्याचे सार्थक झालेसे वाटले. गाड्या भरत आल्या, तेव्हा कडेला एका गाडग्यापुरती जागा उरलेली दिसली. मुख्य सेवक म्हणाला, "जागा रिकामी ठेवून राजवाड्यात जायचं म्हणजे बरं दिसत नाही." सोमदत्ताने इकडेतिकडे पाहिले आणि कोनाड्यातले लहान गाडगे काढून तिथे बसवले. ते नेमके बसले.

संध्याकाळी बोधिसत्त्व परतले. दूध कोमट झाले. त्यांनी सवयीने कोनाड्यात हात घातला, आणि हात तसाच बाहेर आला. सोमदत्त राजवाड्याची हकिकत रंगवून सांगत होता, तो मध्येच थांबला. बोधिसत्त्व दुधापाशी बसून राहिले.

सोमदत्ताने चिंच घालून पाहिली, लिंबू पिळून पाहिले. दूध फाटले, एकदा लागलेही, पण ते उत्पलेचे दही नव्हते. तो चालत आपल्या गावी गेला. आई केव्हाच वारली होती, पण तिचे विरजण घरात असेल, अशी त्याला आशा होती. घरात भावकीतले कोणी राहत होते आणि ते दही विकत आणून खात होते. आईचे विरजणाचे गाडगे परसात होते. त्यात तुळस लावली होती. सोमदत्त त्या तुळशीपाशी बराच वेळ बसला. बहीण गेली, तेव्हा तो रडला नव्हता. त्या वेळी अंत्यविधीची व्यवस्था त्याच्याकडे होती.

शालवतीस परतल्यावर तो आपल्या दुकानात गेला नाही. वाटी घेऊन तो रस्ता ओलांडून रेवेच्या टपरीपुढे उभा राहिला. रेवेने वाटीकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"घरात लावायला हवंय," तिने विचारले, "की दुकानात?"

सोमदत्ताने वाटी तेवढी पुढे केली. रेवेने ती काढून घेतली आणि काठोकाठ भरली. "न्या," ती म्हणाली. "मला आपलं वाटे, तुमचंच माझ्याकडे ठेवायला दिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोधिसत्त्वांनी झाकण काढून बोटभर दही जिभेवर ठेवले. सोमदत्ताने घाबरत विचारले, "तेच आहे ना, भावोजी?"

"तेच नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "रेवेचा हात लागलाय. पण उत्पलेचंच आहे."

त्या दिवसापासून दुकानाच्या दारात एक उघडे गाडगे राहू लागले. ज्याला विरजण हवे, त्याने न विचारता न्यावे. पुढे शालवतीच्या गल्लोगल्ली दह्याची दुकाने झाली. बोधिसत्त्वांचे दुकान होते तेवढेच राहिले. संध्याकाळी त्यांचा हात दुधावर पूर्वीसारखाच थांबे. ती ओढ काही कमी झाली नाही. फक्त रस्त्याने जाताना कोणाच्याही ओसरीवर त्यांना तो वास येई, आणि ते जरा सावकाश चालत.

ही गोष्ट सांगून शास्त्यांनी जन्मांचा मेळ घातला. तेव्हाचा सोमदत्त हा आताचा भिक्षू पूर्णक. रेवा म्हणजे विहारात नित्य दही वाढणारी उपासिका विशाखदत्ता. आणि गोमित्र गवळी ते स्वतः. उत्पला कोण होती, ते त्यांनी सांगितले नाही. पूर्णकाने विचारलेही नाही. त्या जन्मी पूर्ण झाली ती दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता.

मग शास्त्यांनी विचारले, "पूर्णका, तुझ्या विरजणातलं कधी कोणाला दिलं होतंस?"

पूर्णक आठवू लागला. "शेजारणीला दिलं होतं, भन्ते. एकदाच. तेही नाइलाजाने."

"मग ते तिच्याकडे असेल," शास्ते म्हणाले.

पूर्णकाने वंदन केले. त्यानंतर दह्याचा घास तोंडात धरून तो डोळे मिटतो, पण दुधाविषयी काही बोलत नाही. आपली विनंती त्याने मागे घेतलेली नाही, आणि शास्त्यांनी ती नाकारलेली नाही. सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.