तीस पदकं आणि एकतिसावा फोन

एक होतं तालुक्याचं गाव. गावात एक कॉलेज, आणि कॉलेजात एक भोळा कारकून. नाव लहानू थेटे. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. त्यामुळे सांगणाऱ्यावर फार मोठी जबाबदारी यायची, आणि सांगणाऱ्यांना ती पेलत नसे.

केतकी कुंभारला पहिल्यांदा काहीतरी खटकलं ते सूचनाफलकापाशी. निकाल लागला होता, आणि निकालाशेजारी एक कागद डकवला होता : 'गौरव पदवीसाठी किमान किती गुण लागतील, ते खुर्च्या मोजून झाल्यावर कळवण्यात येईल.' खाली शिक्का.

केतकीने तो कागद तीनदा वाचला. ती मुळात घाबरट. मागे कुणी शिंकलं तरी दचकायची. पण आज घाबरायला कारण होतं. शहरातल्या विद्यापीठाने एम.ए.ला तिची जागा धरून ठेवली होती, ती एका अटीवर. शनिवारी पाच वाजेपर्यंत गौरव यादीत नाव दाखवायचं. नाही दाखवलं तर जागा दुसऱ्याला.

ती कार्यालयाच्या खिडकीपाशी गेली. थेटे नुकताच सभागृहातून येऊन घाम पुसत होता.

"थेटेकाका, खुर्च्यांचा आणि गुणांचा काय संबंध?"

"गेल्या वर्षी संबंध नव्हता, म्हणून तर घोळ झाला," थेटे म्हणाला. "साठ टक्क्यांची अट होती. दीडशे पोरं गौरवाला आली. व्यासपीठावर खुर्च्या चाळीस. प्राचार्या बाई म्हणाल्या, थेटे, आधी खुर्च्या बघायच्या, मग यादी करायची. म्हणून बघितल्या. पाच मोडक्या. पाहुणे, अध्यक्ष आणि त्यांची मंडळी मिळून तेहतीस. उरल्या दोन."

"दोनच?"

"त्यातली एक डुगडुगते. तिच्यावर कुणाला बसवायचं, तेवढं ठरायचंय."

इतक्यात प्राचार्या मिसाळबाई तोच कागद फलकावरून उपटून घेऊन आल्या. केतकी दचकून खिडकीखाली वाकली.

"अहो थेटे! खुर्च्यांवरून कधी हुशारी ठरते का? सगळी कॉलेजं करतात तसं करा. प्रत्येक विभागातले वरचे दहा टक्के घ्या."

"बरोबर आहे, बाई," थेटे म्हणाला. वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा ओढल्या.

आता केतकी होती अर्धमागधी विभागात. त्या विभागात विद्यार्थी किती? एक. केतकी. ती वर्गात पहिली यायची आणि शेवटचीही. तिचे गुण होते दहापैकी ९.६, म्हणजे अख्ख्या कॉलेजात तिच्या वर कुणी नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी जरा धीर करून आली. थेटेने कपाटातून गौरवाचं सुरेख प्रमाणपत्र काढलं. त्यावर तिचं नाव होतं. केतकीचा जीव भांड्यात पडला. मग थेटेने पट्टी काढली. प्रमाणपत्र मोजलं, पेन्सिलीने दहा भाग आखले, आणि कात्रीने वरचा एक कापून तिच्या हातात दिला. दोन बोटं रुंदीची पट्टी. त्यावर 'श्री' आणि कॉलेजच्या समईची ज्योत. समई खाली राहिली होती.

"काका, हे काय?"

"विभागातले दहा टक्के. विभागात तू एकटी. एकाचे दहा टक्के एवढेच होतात. मी दोनदा ताळा करून पाहिला."

"आणि बाकीची मी?"

"बाकीची तू बसत नाहीस नियमात."

पट्टी घेऊन केतकी मिसाळबाईंकडे गेली. बाईंनी थेटेला बोलावलं.

"थेटे, जिवंत मुलीचा दहावा हिस्सा काढलात? जे अपूर्ण असेल ते पूर्ण करायचं असतं, एवढं साधं कळत नाही?"

"बरोबर आहे, बाई." वहीत लिहिलं. दोन रेघा.

मग त्याने गुणांचं रजिस्टर उघडलं. बघतो तर सगळंच अपूर्ण. कुणाचे ९.६, कुणाचे ६.३, एकाचे तर २.४. दहा कुणाचेच नाहीत. थेटेला फार वाईट वाटलं. त्याने जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही, एकेक करून सगळे पूर्ण केले. संध्याकाळी फलकावर चारशे बारा जणांची गौरव यादी लागली. सर्वांना दहापैकी दहा. चौकात फटाके वाजले, आणि केतकी प्रत्येक फटाक्याला दचकली. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब भाषणात म्हणाले, एका दिवसात शिक्षणाचा दर्जा वाढवणारं आपलं हे पहिलंच कॉलेज. त्यांचा पुतण्याही त्या वर्षी शेवटच्या वर्गात होता. त्यांना ती यादी अगदी निर्दोष वाटली.

मिसाळबाईंना वाटली नाही. "थेटे, सगळ्यांना मिळाला तर तो गौरव कसला? आधीचे गुण पूर्ववत करा. आणि गौरव दुर्मिळ असतो, लक्षात ठेवा. ज्याच्यासारखा दुसरा नाही, त्यालाच द्यायचा!"

"बरोबर आहे, बाई." वही. रेघा.

गुरुवारी नवी यादी लागली. नावं चारच. पहिलं नाव, बबन झगडे. केतकीने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. तिचं नाव कुठेच नव्हतं.

"तुझे किती? ९.६," थेटे समजावून म्हणाला. "रसायनशास्त्रातल्या एकीचेही तेवढेच. म्हणजे तुझ्यासारखी दुसरी आहे."

"आणि बबन? काका, तो २.४ वाला! तो नापास झालाय!"

"झालाय ना. पण एवढा नापास दुसरा कुणी नाही."

त्या दिवशी कॉलेजवर लोक लोटले. आईबाप आले, काका-मामा आले, एकाचे तर भाडेकरूही आले. जे आले नाहीत त्यांचे फोन आले. नगरसेवकाचा आला, बँकेच्या मॅनेजरचा आला. अण्णासाहेब मात्र स्वतः आले, पंख्याखालच्या खुर्चीत बसले, दोन चहा प्यायले आणि पुतण्याच्या तब्येतीबद्दल तासभर बोलले.

ते गेल्यावर मिसाळबाईंनी डोक्याला बाम चोळला. केतकी दारात उभी होती.

"बास झालं, थेटे. विभाग नको, टक्के नकोत. सगळ्या कॉलेजचे उतरत्या क्रमाने वरचे तीस घ्या आणि विषय संपवा."

"तीसच का, बाई?"

"पदकं तीस घडवून आलीत."

थेटेने वहीची मागची पानं चाळली. "मग मी खुर्च्या मोजल्या तेव्हा का रागावलात?"

"खुर्च्या वेगळ्या आणि पदकं वेगळी!" बाई ओरडल्या. केतकी इतकी दचकली की पायरीवरून खालीच उतरली. तिच्यामागे दार बंद झालं. आत बाई आणखी काहीतरी संतापून सांगत होत्या, आणि थेटे 'बरोबर आहे, बाई' म्हणत होता. दारावर नवी पाटी लागली : 'विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष येऊ नये. चौकशी फोनवरच करावी. अंतिम यादी शनिवारी दुपारी विद्यापीठाला परस्पर कळवण्यात येईल.'

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी केतकीने पहिला फोन केला. फक्त एवढंच विचारायला, की माझं नाव आहे ना? फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

"वाजतोय ना?" आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "म्हणजे तिथं माणूस आहे. लाव परत."

तिने परत लावला. वाजला. उचलला नाही.

"चहाला गेला असेल मेला. लाव परत."

अकराव्या फोनच्या वेळी कुकरची शिट्टी झाली आणि केतकीच्या हातून मोबाइल पडला. तो पुसून तिने बारावा लावला. बाविसाव्याला आईच हातातली सुरी खाली ठेवून म्हणाली, "अगं, चिकाटी धरल्याशिवाय या जगात काही मिळत नाही. पाटीवरच लिहिलंय ना, फोन करा म्हणून? मग लाव!" केतकी लावत गेली. दुपारचे चार वाजले. तीस फोन झाले. तिने डोळे मिटून एकतिसावा लावला.

पहिल्याच रिंगला उचलला.

"हॅलो. कारकून थेटे."

"काका! मी केतकी कुंभार! सकाळपासून फोन करतेय मी!"

"माहीत आहे. तीस वेळा. नवीन फोन आहे आपला, नंबर दिसतो. प्रवेश अर्जाशी ताडून सगळे टिपून ठेवलेत."

"मग उचलला का नाहीत?"

"बाईंनी सांगितलंय. वशिल्याचा फोन आला की उचलायचा नाही, आणि ज्याच्यासाठी आला त्याचं नाव एक जागा खाली ढकलायचं. न उचलता वशिला कळत नाही, म्हणून सगळेच फोन तसले धरले. तुझं नाव पहिलं होतं, पोरी. नऊ वाजून दहा मिनिटांनी दुसरं झालं."

केतकीने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसावं होतं," थेटे वही बघून म्हणाला. "मी मनात म्हणत होतो, आता तरी थांबेल. पण तू काही थांबेनास."

"मग... माझ्या जागी कोण आलं?"

"अण्णासाहेबांचा पुतण्या. एकतिसावा होता. तू उतरलीस, तो चढला. फार सालस मुलगा. त्याच्यासाठी एकसुद्धा फोन नाही."

"अहो, अण्णासाहेब स्वतः येऊन बसले होते तिथं!"

"बसले होते की. फोन कुठं केला?"

आई खुणेने विचारत होती, आहे ना नाव, आहे ना?

"काका," केतकी म्हणाली, "मग आत्ता तरी का उचललात?"

"आता काय, यादी विद्यापीठाला गेली, तुझं नाव काही त्यात नाही," थेटे प्रेमाने म्हणाला. "आता तुझ्याशी बोलायला काही हरकत नाही. बोल, काय चौकशी होती?"