कमरेएवढा उंबरठा

एका गावात एक उंबरठा होता. हो, गोष्ट उंबरठ्याचीच आहे. माणसं मागून येतील, कारण त्या गावात माणसांचा नंबर उंबरठ्यानंतरच लागत असे.

चाल अशी होती, की जो कोणी परगावी जाईल त्याने तिथला एक चपटा दगड आणावा आणि मातीचा गारा लावून आपल्या उंबरठ्यावर चढवावा. ज्याचा उंबरठा उंच, तो माणूस मोठा. पाहुणा आला की आधी दगड बघायचा, मग रामराम करायचा. परगावी जाऊन हा गृहस्थ कुणाला भेटला, काय शिकला, हे कुणी विचारत नसे. दगड दिसला म्हणजे झालं. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायची मात्र सक्त मनाई होती.

या गावात एक म्हातारी आणि तिचा एकुलता एक मुलगा राहत. मुलगा सदा वाटेवर. आज या डोंगरापलीकडे, उद्या त्या नदीपलीकडे, आणि परत यायचा तो काखेत दगड घेऊन. पहिल्या चार दगडांना म्हातारीने स्वतः हळदकुंकू वाहिलं होतं, ते ती कबूल करी. पाचव्याला तिचा गुडघा कुरकुरला. आठव्यानंतर तिला बाहेरच पडता येईना. मुलाचं काय, तो ढांग टाकून जाई. घराला दुसरं दार नव्हतं, मागची भिंत डोंगराला टेकलेली. शेजारची सगुणा दगडांवरून पाण्याची कळशी आत देई. अशी तीन वर्षं गेली, आणि वर लोक म्हातारीलाच म्हणत, "नशीबवान गं बाई, असा मुलगा पोटी आला."

ते ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

चार घरं सोडून ठकू राहायची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, एकाच झऱ्यावर धुणी धुतली, एकमेकींची बाळंतपणं केली. ठकूचे पाय कधीचेच गेले होते, त्यामुळे भेट व्हायची तर हिनेच जायला हवं. एके दिवशी सगुणा सांगत आली, "ठकूमावशीनं अंथरूण धरलंय. एकदा चंद्रीला बघू द्या, एवढंच म्हणतेय." चंद्री म्हणजे आपली म्हातारी.

संध्याकाळी मुलगा आला, काखेत नवा दगड.

म्हातारी म्हणाली, "बाळा, तो खाली ठेव. आधी मला उचलून पलीकडे घे आणि ठकूकडे ने. तिचं काही खरं नाही."

"आई, हा तेरावा. थेट समुद्राकाठचा. हा बसला की उंबरठा कमरेला लागतो. उद्या सकाळी पंच मानाचं पागोटं घेऊन येणार आहेत. उजेड आहे तोवर गारा लावू दे."

"आणि ठकू?"

"चार घरांवर तर आहे ती. कुठे पळून जातेय? उद्या नेतो."

"समुद्र तरी कुठे पळून जात होता?" म्हातारी म्हणाली.

मुलगा हसला. दगड चढवला, आता वाळेपर्यंत कुणी ओलांडायचं नाही असं बजावलं आणि बाहेर ओट्यावर झोपला. मला विचाराल तर तिथेच त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण दगडांपलीकडे आईचा हात पोचायला तर हवा.

सकाळी पंच आले. थोरल्या पंचांनी पागोटं मुलाच्या हातात दिलं आणि मोजायला उंबरठ्याला काठी लावली. तेवढ्यात सगुणा धावत आली. "मावशी, ठकूमावशीला धाप लागलीय."

"बाळा," म्हातारीने हाक मारली.

"थांब गं, मोजतायत," मुलगा मागे न वळता म्हणाला.

मग म्हातारीने पदर खोचला, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि वरच्या दगडावर आतून हाणलं. गारा ओलाच होता. समुद्राकाठचा दगड पंचांच्या पायाशी जाऊन पडला. त्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. पंच लांब सरकले.

"म्हातारे, मुलाचं नाव मातीत घालतेस," थोरले पंच ओरडले.

"कसलं नाव?" म्हातारीचा हात थांबला नाही. "तेरा गावं हिंडला हा. तिथली माणसं काय खातात, कशाला हसतात, एक शब्द कधी सांगितला नाही मला. दगड आणले आणि माझ्या दारात रचले. हा मोठा होत गेला आणि मी आत कोंडली गेले. तुमचं हे मोठेपण चुलीत घाला."

एवढं बोलेपर्यंत उंबरठा गुडघ्याखाली आला होता. उरलेले दगड धरधरून ओलांडून ती बाहेर आली. मुलगा हात द्यायला पुढे झाला, तो तिने घेतला नाही. मुसळ टेकत टेकत ती चार घरं चालली.

ठकूच्या दाराला नुसता लाकडी उंबरठा होता, दोन बोटांचा. ठकूला आता दिसत नव्हतं. "कोण गं?"

"मी, चंद्री."

ठकूने चाचपत तिचा हात धरला. "किती लांबून आलीस गं," ती म्हणाली.

तेव्हा म्हातारीला रडू कोसळलं. मुलगा दारात उभा होता. त्याच्या हातात पंचांनी मघाशी दिलेलं पागोटं तसंच होतं.

"उभा काय राहिलास? पाणी दे तिला," म्हातारी म्हणाली.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. लहानपणी याच घरात तो ठकूच्या हातची भाकरी खाऊन वाढला होता. "माठ कुठे असतो?" त्याने हळूच विचारलं. आंधळ्या ठकूने अंथरुणातूनच बोट करून त्याला कोपरा दाखवला. त्याची मान जी खाली गेली, ती त्या दिवशी वर आली नाही.

पागोटं त्याने आपण होऊन परत केलं आणि दुपारी उरलेले दगड स्वतःच्या हाताने काढले. ठकू पुढे आठ दिवस जगली. आठही दिवस चंद्री तिच्या उशाशी होती.

तात्पर्य काढायचंच तर एवढं काढा: खुशाल जग हिंडा, पण तुमच्या हिंडण्याने घरातल्या माणसाची वाट बंद होत असेल, तर तुम्ही अजून कुठेच पोचलेला नाहीत.