ठकूपुढचा दिवा

बालाघाटच्या डोंगरात बोरजाई नावाचे लहानसे गाव होते. एका वर्षी केदारबुवा महाराज तिथल्या महादेवाच्या देवळात मुक्कामाला होते. गोजरा तेलीण रोज त्यांच्या समईला तेल घेऊन येई.

त्या वर्षी गावात वाईट ताप आला. माणसाची मान लाकडासारखी ताठ होई, उजेड सोसवत नसे, आणि बहुतेक जण जात. गोजराची लहानगी ठकू वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले, आणि कानांबरोबर अंगाचा तोलही. दिवसा ती डोळ्यांच्या आधाराने, भिंत धरून चाले. अंधार पडला की तोल जाऊन कोसळे. ऐकूच येईना, तर हाकेला ओ कुठून देणार ते लेकरू?

गावाचा देवरुषी रावजी मात्र म्हणाला, "पोरगी तापातच मेली. आत दुसरंच कुनी बसलंय, म्हनून अंधारात पडती. आज दिवेलागणीला डागतो तिला."

"महाराजांच्या अंगाऱ्यानं जगलीय ती," गोजरा हात जोडून म्हणाली.

रावजी हसला. "एवढं तेल घातलंस बुवाला. मग कान का न्हाई राखलं त्यानं?"

गाव भ्यालेले होते. कोणीही 'नको' म्हटले नाही. गोजरा रडत महाराजांकडे धावली.

तिन्हीसांजेला रावजीने सगळे दिवे विझवायला लावले. दोघा चेल्यांनी ठकूला धरले. तिला ना आवाज ऐकू येत होता, ना आईचे तोंड दिसत होते. निखाऱ्यातला लाल विळा तेवढा जवळ येत होता. भक्तहो, त्या पोरीच्या जिवाचे काय झाले असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

तेवढ्यात गोजराबरोबर आलेले महाराज पुढे झाले. म्हणाले, "रावजी, डागण्याआधी हिला काय होतं ते तरी बघ."

रावजीचे कान तत्क्षणी बंद झाले. पायाखालची जमीन हेलकावू लागली. विळा हातातून सुटला, रावजी आडवा पडला आणि ओरडला. पण स्वतःचा आवाजही त्याला ऐकू येईना.

चेले किंचाळले, "भूत गुरूच्या अंगात शिरलं! डागा!" त्यानेच शिकवले होते तसे. एका चेल्याने विळा उचलला. अंधारात तो लाल विळा आता रावजीकडे येऊ लागला. रावजी जमीन धरून सरपटत राहिला.

महाराजांनी तापलेला विळा उघड्या हाताने धरला. तो विहिरीच्या पाण्यासारखा गार झाला. दुसऱ्या चेल्याने घाबरून ठकूला सोडले.

"माय, दिवा लाव," महाराज म्हणाले.

गोजराने पणती लावली. ठकू आईच्या कुशीत शिरेल असे सर्वांना वाटले. तिने पणती उचलली आणि धडपडत जाऊन रावजीच्या पुढ्यात ठेवली. उजेड असला की जमीन थांबते, हे तिला ठाऊक होते.

महाराजांनी रावजीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे कान उघडले. पहिल्याप्रथम त्याला गोजराचे हुंदके ऐकू आले.

"माझ्या ठकूचं कानबी द्या, महाराज," ती म्हणत होती.

महाराजांचे डोळे भरले. "तापानं नेलेलं परत देणं माझ्या धन्याच्या मनात नाही, माय. पण आता हिच्या अंगाला कोणी हात लावणार नाही."

रावजी त्यांच्या पायांवर वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. "अपराध हिचा केलास."

"तिला ऐकू कुठं येतंय, महाराज?"

"दिसतं ना."

रावजीने पणती उचलून स्वतःच्या तोंडाजवळ धरली. ठकू त्याच्या ओठांकडे पाहू लागली. "चुकलो, माय," तो सावकाश म्हणाला, पणती तिच्यापुढे ठेवली आणि तिच्या पायांवर डोके टेकले.