पाणी घेऊ, की हवा?

“...मग बाबा, पाणी घेऊ की हवा?”

पुंजाजी बाबा मठात चिंचोके काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा शंतनू गावंडे. गावचाच पोरगा, पुण्याला शिकून आलेला. लहानपणी मठातल्या भजनात टाळ कुटायचा, म्हणून अडलं की अजून बाबांकडे येतो. अडल्याशिवाय येत नाही, हे मठात बाबांच्या हाताखाली राबणारा मी म्हणतो. बाबा म्हणत नाहीत.

शंतनू घरी बसून कॉम्प्युटरवर हलत्या चित्रांचा सिनेमा करत होता. पोळ्याच्या बैलांची गोष्ट. एकेक चित्र मशीन कितीतरी वेळ घोटतं, तेव्हा कुठे ते पडद्यावर धड दिसतं. अन् ऐन दुपारी मशीनचा मेंदू तापतो, मशीन बंद. चाललेलं काम पाण्यात. सिनेमा स्पर्धेला पाठवायची मुदत येत्या सोमवारी संपत होती. ती चुकली की वर्षाची मेहनत मातीत.

मेंदू थंड ठेवायचे दोन उपाय त्याने सांगितले. एकात मेंदूवर धातूचा गट्टू अन् मोठा पंखा बसवतात. दुसऱ्यात नळ्यांतून पाणी खेळवतात. अर्धे मित्र पंखा म्हणत होते, अर्धे पाणी. बाबा म्हणतील ते आजच्या आज अकोल्याहून आणायचं, अन् सिनेमा पुरा करायचाच. या बोलण्यात मात्र खोट नव्हती. पोरगा हट्टी, पण कामाचा हट्टी.

“पाणी काय करते?” बाबांनी विचारलं.

“मेंदूची उष्णता उचलून नेतं.”

“कुठी?”

“एका जाळीकडे. जाळीला पंखे असतात.”

“अन् पंखे?”

“ती उष्णता हवेत सोडतात.”

“कोणत्या हवेत?”

“खोलीतल्या...”

“अन् नुसता पंखा लावला तर?”

“तोही खोलीतच सोडणार.” शंतनू जरा चिडला. “पण खोलीचा प्रश्नच नाही, बाबा. घरातला कूलर मी आत घेतलाय. दार गच्च बंद असतं.”

“काऊन बंद?”

आता खरी गोष्ट बाहेर आली. अक्षयतृतीयेच्या पंगतीत त्याच्या काकांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, कार्टून काढून पोट भरते काय रे? पंगत हसली. शंतनू भरल्या ताटावरून उठला. सिनेमा पुरा होईस्तोवर खोलीचं दार कोणासाठी उघडणार नाही, अशी देवघरातल्या दिव्यावर हात धरून त्याने शपथ घेतली. तेव्हापासून खिडकीही जेवणाचं ताट आत घेण्यापुरतीच उघडायची. आज बाहेर पडला, तोही दाराला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून.

सांगताना छाती फुगली होती त्याची. पंगतीत हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून मी आपला चिंचोके निवडत राहिलो.

“कूलर किती हायेत घरी?” बाबांनी विचारलं.

“एकच.”

बाबा उठले. त्याला बैठकीच्या खोलीत घेऊन गेले, मलाही बोलावलं. खिडकीत मठाचा जुना कूलर, वाळ्याच्या ताट्या नुकत्याच भिजवलेल्या. बाबांनी कूलर सुरू केला, दार लावलं, कडी घातली, अन् दाराला पाठ टेकून बसले.

“आपणही शपथ घेतली,” म्हणाले. “दार उघडायचं नाई.”

वैशाखातली वऱ्हाडातली दुपार ती. पहिल्यांदा बरं वाटलं. वाळ्याचा वास आला, शंतनू तर सुखावून भिंतीला रेलला.

मग हळूहळू अंग चिकचिकायला लागलं. सदरा पाठीला चिकटला. कूलर घरघरत होता, पण वारा म्हणून जो असतो तो लागेना. नुसती ओल साठत चालली. माझा जीव घाबरा झाला, मी बाबांकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून बसलेले. या माणसाला घाम तरी येतो की नाही, देव जाणे.

शंतनूने बाही कपाळावरून फिरवली. घड्याळ पाहिलं. परत फिरवली. शेवटी उठला अन् कडीला हात घातला.

बाबांनी तो हात धरला. “शपथ हाय न.”

“बाबा, जीव गुदमरतोय.”

“कूलर तं चालू हाय.”

“चालू असून काय उपयोग? दार बंद ठेवून कूलर लावतात का कुणी? आतली हवा बाहेर गेली, तर बाहेरची आत येणार. हे आपल्याकडे शेंबडं पोरगंही...”

त्याचा हात कडीवर तसाच.

आपल्याकडे खरंच शेंबड्या पोराला कळतं हे. कूलर लावला की समोरचं दार उघडं टाकायचं, ही शिकवण आईच्या दुधाबरोबर मिळते. अन् हा पुण्याला जाऊन आलेला शहाणा, शपथेच्या नादात तेवढंच विसरला होता.

बाबांनी हात सोडला. अंग आक्रसून दारापासून बाजूला सरकले.

शंतनूने दार उघडलं. कूलरचा झोत आमच्या अंगावरून सरळ ओसरीत गेला. तिथे दुपारची निजलेली मठातली म्हातारी माणसं कूस बदलून परत निजली. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच पाय पसरले.

शंतनूने उंबऱ्यात उभं राहून ओला सदरा वाऱ्यावर धरला.

मग खिशातली किल्ली काढून म्हणाला, अकोल्याला जात नाही. मशीनमध्ये आहे त्याच पंख्यावर भागेल. आजच बसतो, अन् सोमवारच्या आत सिनेमा पाठवतो म्हणजे पाठवतो.

बाबांनी मान डोलावली अन् पुन्हा चिंचेपाशी जाऊन बसले.

पोरगा फाटकापर्यंत गेला. तिथून परत फिरला. मघाचा ताठा गेला होता, चेहरा पार पंगतीतून उठला तेव्हासारखा झाला होता. मला आपलं वाईट वाटलं.

“बाबा... दार उघडलं की सगळे आत येतील. काका येतील, आई येईल. अर्धवट काम बघतील.”

बाबांनी एक चिंच उचलली.

“येऊ दे न,” म्हणाले. “त्यायले बी उकडत असन.”